जत्रेत आकाश पाळणा लावायचाय? परवानगी अशी काढा

जागेचा लिलाव घेतला, पैसे भरले की पाळणा उभा करायला मोकळे, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाहीये. जागा मिळणं वेगळं आणि पाळणा फिरवायचा परवाना वेगळा. हा परवाना महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 33 खालच्या नियमांनी मिळतो, त्यामुळे जिथं पोलीस आयुक्तालय आहे तिथं अर्ज तिकडे आणि बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालयात. म्हणजे सोलापूरच्या गड्ड्याला (सिद्धेश्वर यात्रेला) ब्रेक डान्स (गरगर फिरणारी राइड) लावायचा तर आयुक्तालय, पुसेगावच्या यात्रेला लावायचा तर सातारा जिल्हा प्रशासन. कागदांची यादी प्रत्येक ठिकाणी थोडी इकडेतिकडे असते, ती आधीच मागून घ्या.

अर्ज राइडचा मालक किंवा जागा घेतलेला ठेकेदार करतो. सोबत आधार, पॅन, जीएसटी नोंदणी (राइडच्या तिकिटावरचा कर 2018 च्या जानेवारीत 28 वरून 18 टक्के झाला), जागा ज्यांची त्यांचं संमतीपत्र म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका, देवस्थान जे असेल ते, खासगी शेत असेल तर सातबारा पण, मैदानाचा नकाशा, प्रत्येक राइडचं नाव, उंची, एका वेळी किती माणसं बसणार ते, विमा पॉलिसी, आणि पोलीस ठाणं व अग्निशमन यांचे ना हरकत दाखले. ही झाली सोपी बाजू, आठवडाभर चपला झिजवल्या की जमतं.

खरी गोची तपासणीत होते. राइडचं तंदुरुस्ती प्रमाणपत्र सहसा सार्वजनिक बांधकामच्या यांत्रिकी विभागाकडून लागतं आणि वायरिंग, जनरेटर, अर्थिंगसाठी विद्युत निरीक्षक. मागच्या गावचा दाखला दाखवून भागेल अशी आशा धरू नका, कारण पाळणा खोलून ट्रकात घातला की पुन्हा जोडताना प्रत्येक नट, प्रत्येक पिन नव्यानं बसते आणि जमीनही वेगळी, पायाखालचे लाकडी ठोकळे काळ्या रानात एका पावसात खचू शकतात. म्हणून राइड आधी उभी करायची, मग तपासणी, मग अंतिम परवाना. तोवर तिकीट फाडायचं नाही. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी उभारणी संपवणाऱ्यांचा पहिला दिवस हमखास बुडतो!

तपासायला आलेला माणूस भारी असेल तर तो रंग आणि लायटिंग बघत नाही, थेट खाली वाकून वेल्डिंगचे सांधे बघतो, सीटचा दांडा लॉक केल्यावर ओढून बघतो, रिकामी आणि वजन टाकून अशी दोन्ही चाचणी मागतो, त्यामुळे वाळूची पोती आधीच भरून ठेवा. कटकट वाटते, पण अहमदाबादला कांकरियात जुलै 2019 मध्ये झुलणारी राइड तुटून 2 जण गेले, आणि मोहालीत सप्टेंबर 2022 ला मेळ्यात लोकांसकट वर गेलेला झोपाळा धाडकन खाली आपटला होता, तेव्हा ही कटकट झालेली बरी.

परवाना हातात आला की त्याची झेरॉक्स तिकीट खिडकीवर लावा, मूळ कागद जवळ ठेवा. स्पीकर साधारण रात्री 10 ला बंद. आणि परवान्यात जेवढ्या राइड लिहिल्यात तेवढ्याच चालवायच्या, गर्दी बघून तिसऱ्या दिवशी पाहुण्याचा टोराटोरा (ही पण एक राइडच) आणून लावला तर त्याचा अर्ज आणि तपासणी वेगळी.