जलाशयाकाठची वनवाट

धरणाच्या पाण्याकडेने जंगलातून जाणारी, जागोजागी खुणा केलेली आणि फारसा चढउतार नसलेली पायवाट. ती चालायला वाटाड्या लागत नाही, नकाशा वाचता आला नाही तरी अडत नाही.

वाटेचा सोपेपणा पाण्यामुळेच येतो. साठलेल्या पाण्याची कड म्हणजे जमिनीवर उमटलेली समोच्च रेषाच, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा. पूर्ण संचय पातळीच्या (धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येते त्या पातळीच्या) थोडे वरून ही रेषा धरून वाट काढली, की दरी कितीही उभी असली तरी चालणाऱ्याला दम लागत नाही. चढ वाचतो, पण अंतर वाढते. धरणात नदीबरोबर तिला मिळणारे ओढेही बुडतात आणि काठाला बोटांसारखे फाटे फुटतात. पलीकडची वाट हाकेच्या अंतरावर दिसत असते, तिथे पोचायला मात्र फाट्याच्या टोकापर्यंत आत जाऊन परत यावे लागते. साकव असेल तर नशीब! इंग्लंडमधील नॉर्थम्बरलंडच्या कील्डर जलाशयाला वळसा घालणारी वाट अशीच सुमारे ४२ किमी भरते. बहुतेक लोक तिचा एखादा तुकडाच चालतात. तिथले जंगल पाण्याहून जुने आहे: लागवड १९२६ पासूनची, तर धरणाचे उद्घाटन १९८२ चे. इतरत्र धरण झाल्यावर, काठाची माती धरून ठेवण्यासाठी झाडे लावलेलीही आढळतात.

‘पाणी एका हाताला ठेवले की झाले, खुणा कशाला?’ हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. पण दाट झाडीत पाणी दिसेनासे होते. शिवाय बुडीत क्षेत्रातले जुने रस्ते वाटेला येऊन मिळतात आणि थोडे पुढे जाऊन सरळ पाण्यात शिरतात. उन्हाळ्यात पातळी उतरली, की ते उघडे पडतात आणि नवख्याला चकवतात. म्हणून चांगली खूण रस्ते फुटतात त्या जागेच्या अलीकडे असते, आणि वळण घेतल्यावर लगेच दुसरी, खात्रीची. परतीच्या दिशेनेही खुणा स्वतंत्रपणे कराव्या लागतात, कारण उलट बाजूने तेच जंगल अनोळखी दिसते. खोडावरचा रंग सालीबरोबर गळतो, झाड पडले तर खूणच जाते. त्यामुळे मोक्याच्या जागी खांब बरा.

वनवाटांवर रंगाने खुणा करण्याच्या प्रथेचा आद्य पुरस्कर्ता म्हणून क्लोद-फ्रांस्वा देनकूर या नेपोलियनच्या सैन्यातील माजी सैनिकाचे नाव घेतले जाते. त्याने १८४२ पासून पॅरिसजवळच्या फॉन्तेनब्लोच्या जंगलात निळ्या खुणा केल्या. चेक प्रदेशात दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये एक रंगीत पट्टा अशी खूण रूढ आहे. तिथली पहिली खुणांची वाट १८८९ साली व्ल्तावा नदीकाठी, श्टेखोवित्से गावापासून नदीच्या प्रसिद्ध खळाळांपर्यंत आखली गेली. ते खळाळ आता श्टेखोवित्से धरणाच्या पाण्याखाली आहेत.