प्रवाळाच्या टाकीत आधी काय संपतं?

घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ ठेवणारी माणसं हमखास एक प्रश्न विचारतात: “पाणी इतकं नितळ आहे, मग प्रवाळ का मरतंय?” गैरसमज या प्रश्नातच आहे. डोळ्यांना दिसतो तो गढूळपणा, म्हणजे पाण्यात तरंगणारे कण. प्रवाळाचं जगणं-मरणं ठरतं ते पाण्यात विरघळलेल्या पदार्थांवर, आणि ते दिसत नाहीत. मासे मरतील इतका अमोनिया असला तरी पाणी नितळच दिसतं.

अमोनियाची भीती मुख्यतः नव्या टाकीत. एका गटाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचं नायट्रेट. ही फळी उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, तोवर धीर धरायचा. क्षारांचं प्रमाण समुद्राइतकं, म्हणजे हजारी ३५ च्या आसपास ठेवायचं. बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची तूट भरून काढायची ती क्षारविरहित शुद्ध पाण्यानं, खाऱ्या पाण्यानं नव्हे. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. खरी गंमत पुढे आहे.

कठीण सांगाड्याचं प्रवाळ रात्रंदिवस कॅल्शियम कार्बोनेट रचत असतं. त्यामुळे पहिला विचार येतो कॅल्शियमचा आणि लोक कॅल्शियम मोजायचं किट विकत आणतात. पण आधी संपतं ते कॅल्शियम नव्हे, अल्कलिनिटी. अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. समुद्राच्या पाण्यात ती प्रामुख्यानं बायकार्बोनेटमुळे येते. पीएच ही वेगळी गोष्ट आहे. तो दिवसा चढतो, रात्री उतरतो, आणि त्यावरून साठा किती उरला ते कळत नाही.

आता हिशेब पाहा. सांगाड्यात कॅल्शियम कार्बोनेटचा एक रेणू बसतो तेव्हा एक कॅल्शियम आयन आणि दोन बायकार्बोनेट आयन खर्च होतात. सोबत पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात कॅल्शियम सुमारे १० मिलिमोल (मिलिमोल हे आयनांची संख्या मोजायचं एकक) असतं, बायकार्बोनेट मात्र जेमतेम दोन. म्हणजे जे मुळात पाचवा हिस्सा आहे, तेच दुप्पट वेगानं खर्च होतं! किटच्या भाषेत सांगायचं तर कॅल्शियम लिटरला २० मिलिग्रॅमनं घटतं तेव्हा अल्कलिनिटी २.८ डीकेएचनं (डीकेएच हे अल्कलिनिटी मोजायचं एकक) घटते. समुद्रात कॅल्शियम लिटरला सुमारे ४२० मिलिग्रॅम, आणि अल्कलिनिटी साधारण ७ डीकेएच. समजा टाकीत रोज १ डीकेएच खर्च होतेय आणि तीन दिवस कुणी पाहिलं नाही. अल्कलिनिटी ७ वरून ४ वर आली, प्रवाळ धोक्यात. कॅल्शियम? ४२० वरून ३९९. घरगुती किटवर इतका फरक वाचनाच्या चुकीत सहज लपून जातो. शंभर लिटरच्या टाकीत रोजची १ डीकेएच म्हणजे जवळपास १.८ ग्रॅम नवा सांगाडा. एवढंसं दिसणारं प्रवाळ किती काम करतं, ते या आकड्यावरून कळतं.

म्हणून अल्कलिनिटी रोज किंवा दिवसाआड मोजावी, आणि ठरावीक वेळीच. किटमधली कुपी आधी टाकीच्याच पाण्यानं विसळायची, सिरिंजमध्ये बुडबुडा राहू द्यायचा नाही, मागे पांढरा कागद धरायचा. दर्शक, म्हणजे पीएच बदलला की रंग बदलणारं द्रव्य, घातला की पाण्याला निळसर छटा येते. मग आम्लाचा एकेक थेंब सोडत कुपी हलवायची. सुरुवातीला काहीच घडत नाही, कारण येणारा प्रत्येक हायड्रोजन आयन कार्बोनेट आणि बायकार्बोनेट गिळून टाकतात. तो साठा संपला की पीएच एकदम ४.५ च्या आसपास कोसळतो आणि एका थेंबात रंग पालटतो. तोवर किती आम्ल लागलं, तेच उत्तर. हा क्षण मला अजूनही फार आवडतो. न दिसणारा साठा त्या थेंबाला डोळ्यांसमोर मोजला जातो.

तूट भरायला चुन्याची निवळी उत्तम. शाळेत फुंकर मारून दुधाळ केलेली तीच. टाकीतला कार्बन डायऑक्साइड शोषून ती कॅल्शियम आणि बायकार्बोनेट नेमक्या त्याच प्रमाणात देते, ज्या प्रमाणात प्रवाळ ते वापरतं. तिचा पीएच मात्र १२ च्या वर असतो, म्हणून रात्री, थेंबाथेंबानं सोडायची. प्रवाळं खूप असतील तर ती पुरत नाही. मग कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेटची वेगवेगळी द्रावणं लागतात. ती एकाच वेळी एकाच जागी ओतली तर पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात.

“सगळं संतुलित करणारे” थेंब बाटलीत भरून विकले जातात. घटक आणि त्यांचं प्रमाण ज्यावर लिहिलेलं नाही, ते टाकीत घालू नये. आपण जे मोजत नाही तेही घालू नये. नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर आणण्याचा आग्रहही असाच घातक. प्रवाळाच्या पेशीत राहणाऱ्या शैवालाला ते थोडे हवेच असतात.

अल्कलिनिटी घालूनही चढत नसेल तर मॅग्नेशियम तपासा. समुद्रात ते लिटरला सुमारे १३०० मिलिग्रॅम असतं. समुद्राचं पाणी कॅल्शियम कार्बोनेटनं अतिसंपृक्त, म्हणजे मावेल त्याहून जास्त भरलेलं, असूनही कार्बोनेट सहजी खाली बसत नाही, कारण मॅग्नेशियम नव्या स्फटिकांच्या पृष्ठभागावर चिकटून त्यांची वाढ अडवतं. मॅग्नेशियम कमी पडलं की प्रवाळाच्या वाट्याचा चुना हीटरवर आणि पंपाच्या पात्यांवर बसतो. अशा वेळी आधी मॅग्नेशियम पूर्ववत करायचं, मग अल्कलिनिटी. आणि तीही दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त चढवायची नाही.