आवरणातले प्रथिन: एचआयव्ही, प्रतिकारशक्ती आणि मेंदू

इंदूरच्या एका एआरटी केंद्रातले, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचार केंद्रातले, समुपदेशक मराठी रुग्णांशी बोलण्यासाठी मला अधूनमधून बोलावतात. गेल्या वेळी साठीकडे झुकलेल्या एक काकू समोर होत्या. बारा वर्षे गोळ्या नियमित, रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतके कमी, विषाणू ज्यांच्यावर हल्ला करतो त्या सीडी-४ या प्रतिकारपेशींची संख्याही समाधानकारक. तरीही तवा गॅसवर तसाच राहतो आणि दूधवाल्याचा हिशेब चुकतो, अशी त्यांची तक्रार होती. समुपदेशकांनी त्यांना चार शब्द सांगितले: कुत्रा, टोपी, घेवडा, लाल. मग पाच सेकंदांत अंगठा आणि तर्जनी जमेल तितक्या वेळा जुळवायला सांगितले, त्यानंतर मूठ, तळवा आणि हाताची कड टेबलावर एकापाठोपाठ टेकवायला लावली, आणि शेवटी ते चार शब्द विचारले. काकूंना तीन आठवले. चौथ्याशी त्या बराच वेळ अडल्या आणि म्हणाल्या, "बालोर." घरात मराठी आणि भाजीबाजारात हिंदी बोलणाऱ्या इंदूरकराला घेवड्याच्या जागी बालोर आठवावी यात नवल नाही; समुपदेशकांनी तो शब्द बरोबर धरला, हे मला योग्य वाटले.

ही छोटी चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. ती अमेरिका आणि युगांडा येथील रुग्णांवर पडताळून पाहिलेली आहे आणि तिने निदान होत नाही, पुढे कोणाला नीट तपासायचे एवढेच कळते. विषाणू औषधांनी दबलेला असताना मेंदूच्या तक्रारी का उरतात, हे समजून घ्यायचे तर विषाणूच्या आवरणातील एका प्रथिनाचा चाळीस वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

एड्सची पहिली नोंद अमेरिकेत जून १९८१ मध्ये झाली. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने विषाणू वेगळा केला आणि १९८४ मध्ये तो पेशीच्या पृष्ठभागावरील सीडी-४ या ग्राहीला (रेणू पकडणाऱ्या प्रथिनाला) धरून पेशीत शिरतो हे स्पष्ट झाले. हे धरण्याचे काम आवरण-प्रथिनाचे. ते आधी जीपी-१६० या अखंड रूपात तयार होते आणि नंतर पेशीतील विकर त्याचे दोन तुकडे करते: बाहेर राहणारा जीपी-१२० आणि आवरणात रुतलेला जीपी-४१. हे आकडे रेणुभाराचे आहेत. मी विद्यार्थिनी असताना वेस्टर्न ब्लॉट या एचआयव्हीच्या रक्तचाचणीच्या अरुंद पट्टीवर १६०, १२० आणि ४१ या जागी उमटलेल्या जांभळट रेषा वाचायला शिकले. त्यांतील एक रेणू मेंदूलाही इजा करू शकतो, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

प्रतिकारशक्तीवरचा त्याचा परिणाम पेशीत शिरण्यापुरता नाही. जीपी-१२० आणि जीपी-४१ यांच्यातील जोड कच्चा असल्यामुळे जीपी-१२० सुटून शरीरद्रवांत मिसळतो आणि निरोगी सीडी-४ पेशींना चिकटतो. मग शरीराची प्रतिपिंडे त्या चिकटलेल्या प्रथिनावर बसतात आणि ज्या पेशीत विषाणू शिरलेलाच नाही तीही मारली जाण्याच्या यादीत येते. संसर्गात मरणाऱ्या सीडी-४ पेशींपैकी पुष्कळशा पेशींत विषाणूची वाढ होतच नसते, त्यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे. त्यात जीपी-१२०च्या वजनाचा जवळपास निम्मा भाग शर्करासाखळ्यांचा असतो आणि त्या साखळ्या आपल्याच पेशीने जोडलेल्या असल्यामुळे प्रतिपिंडांना तो सहजी परका वाटत नाही. शिवाय या आवरण-प्रथिनाचे काटे विषाणूच्या अंगावर असतात जेमतेम दहा-पंधरा, आणि काट्यांचे उघडे भाग सतत बदलत राहतात. निव्वळ जीपी-१२० वापरून केलेली लस २००३ मध्ये अयशस्वी ठरली ती यामुळेच. थायलंडमधील सोळा हजारांहून अधिक स्वयंसेवकांवरील दुहेरी लसीने २००९ मध्ये सुमारे ३१ टक्के संरक्षण दाखवले, पण ते वापरात आणण्याइतके नव्हते.

मेंदूची बाजू १९८६ पासून पुढे आली, जेव्हा न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी एड्सच्या रुग्णांतील स्मृतिभ्रंशाचे तपशीलवार वर्णन केले. कोडे असे होते की चेतापेशींवर सीडी-४ नसतो आणि विषाणू त्यांच्यात शिरत नाही, तरी मरतात मात्र त्याच. १९८८ मध्ये उंदराच्या चेतापेशींवर अत्यल्प जीपी-१२० टाकल्यावर त्या मेल्या, म्हणजे संपूर्ण विषाणूची गरजच नव्हती. १९९० मध्ये या मृत्यूमागे पेशीत बेसुमार शिरणारे कॅल्शियम असल्याचे दिसले आणि कॅल्शियमची वाट अडवणाऱ्या औषधांनी पेशी वाचल्या. पुढे १९९४ मध्ये मेंदूत जीपी-१२० तयार करणारे उंदीर जनुकीय बदलाने घडवले गेले आणि त्यांच्या मेंदूत एड्सच्या रुग्णांसारखे बदल आढळले. १९९६ मध्ये सीएक्ससीआर-४ आणि सीसीआर-५ हे सहग्राही, म्हणजे सीडी-४च्या जोडीने विषाणू धरतो ते ग्राही, सापडले, तेव्हा चेतापेशींचे कोडेही बरेच सुटले, कारण हे ग्राही त्यांच्यावर असतात. मेंदूतील सूक्ष्मश्लेषपेशींना, म्हणजे तिथल्या प्रतिकारपेशींना, मात्र विषाणूची लागण होते. त्या आणि शेजारच्या, चेतापेशींना आधार देणाऱ्या ताराकृती पेशी चेतल्या की ग्लूटामेट हे चेतापेशींना उद्दीपित करणारे रसायन साचते आणि त्याच्या अतिरेकाने चेतापेशी थकतात, त्यांच्या फांद्या झडतात. माझ्या मते झडणे हा शब्द इथे मरण्यापेक्षा अधिक नेमका आहे, कारण उपचार घेणाऱ्या रुग्णांत तेच जास्त घडते.

या ज्ञानावर आधारलेल्या निमोडिपिन, पेप्टाइड-टी आणि मेमँटिन या औषधांच्या चाचण्या माणसांवर झाल्या, पण स्मृतीवर ठोस लाभ दिसला नाही. भांड्यातल्या पेशींना वाचवणे आणि वर्षानुवर्षे दाह सोसलेल्या मेंदूला सावरणे यांतले अंतर त्यांत उघड झाले.

आपल्याकडे एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून झाली. इथे प्रामुख्याने विषाणूचा सी हा उपप्रकार पसरला. त्यातील टॅट या दुसऱ्या एका प्रथिनात एक बदल असल्याचे बंगळुरूच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले, तेव्हा भारतीयांना मेंदूचा त्रास कमी होत असावा असा अंदाज बळावला. दक्षिण आणि पश्चिम भारतातील चाचण्यांत मात्र सौम्य दोष पुष्कळांत आढळले. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत उपचार सुरू झाले. त्या सुरुवातीच्या गोळ्यांत स्टॅव्हुडिन हे औषध होते आणि त्याने तळपायांची आग होत असे. जीपी-१२० संवेदी चेतांनाही चेतवतो, त्यामुळे ती आग गोळीची की विषाणूची, हे रुग्णाला पाहून सांगणे कठीणच होते.

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर औषधांच्या कामातच आहे. आजच्या गोळ्या विषाणूला नव्या पेशीत बस्तान बसवू देत नाहीत किंवा नव्या विषाणूला पक्व होऊ देत नाहीत. परंतु ज्या पेशीच्या जनुकांत विषाणूची प्रत आधीच विणली गेली आहे, तिला त्या प्रतीवरून प्रथिने बनवण्यापासून त्या रोखत नाहीत. म्हणून विषाणू सापडत नसतानाही काही रुग्णांच्या रक्तात सुटा जीपी-१२० सापडतो. २०२० मध्ये मान्यता मिळालेले फोस्टेमसाविर हे औषध थेट जीपी-१२०लाच चिकटते, त्यामुळे सुट्या प्रथिनालाही ते निष्प्रभ करते का, याचा शोध सुरू आहे. विसराळूपणाला वय, मधुमेह, थायरॉईड आणि मनावरचे ओझे ही कारणेही असतातच, म्हणून काकूंच्या कागदावर आधी त्या तपासण्या लिहिल्या गेल्या. खाली समुपदेशकांनी पुढच्या भेटीची तारीख घातली आणि कंसात नोंदले: चार शब्द पुन्हा, मराठीत.