बाल्सामिक व्हिनेगर
बाल्सामिक व्हिनेगर म्हणजे इटलीतल्या मोदेना आणि रेज्जो एमिलिया भागातलं द्राक्षांचं काळपट, आंबटगोड व्हिनेगर. अस्सल, म्हणजे 'त्रादित्सिओनाले' प्रकारात वाइन नसतेच, त्रेब्बियानो, लाम्ब्रुस्को वगैरे द्राक्षांचा रस उघड्या भांड्यात तासन्‌तास आटवतात आणि मग आंबवून लाकडी पिंपांच्या रांगेत मुरत ठेवतात. पिंपं ओक, चेस्टनट, चेरी, तुती अशा वेगवेगळ्या लाकडांची, एकापेक्षा एक लहान, आणि ती ठेवायची माळ्यावर कारण उन्हाळ्यात तिथं उकडतं, पाणी उडतं आणि रस घट्ट होतो. वर्षातून एकदा सगळ्यात छोट्या पिंपातून थोडंसं काढतात, ती तूट शेजारच्या मोठ्यातून भरतात, असं करत करत शेवटच्या पिंपात नवा रस पडतो. हे किमान 12 वर्षं चालतं, 'एक्स्त्राव्हेक्किओ' म्हणजे खूप जुन्या प्रकारासाठी 25. शेवटी काकवीसारखं दाट काहीतरी हाती लागतं आणि मोदेनात ते 100 मिलीच्या ठरलेल्या बाटलीतच विकतात.

सुपरमार्केटात मिळतं ते बहुतेक वेळा हे नसतंच. तिथलं 'आचेतो बाल्सामिको दी मोदेना' म्हणजे द्राक्षाचा रस अधिक वाइन व्हिनेगर, मुरवणं किमान 60 दिवस, रंगासाठी 2 टक्क्यांपर्यंत कॅरॅमल चालतं. रोजच्या सॅलडला हेच बरं, महागडं घालणं म्हणजे उधळपट्टी. ग्लेझ, म्हणजे बाल्सामिकचा तयार दाट सॉस, घेताना मात्र लेबल बघा, बऱ्याचदा त्यात साखर आणि स्टार्च घातलेला असतो.

पोषणाचं म्हणाल तर साध्या बाल्सामिकच्या एका टेबलस्पूनमध्ये साधारण 14 कॅलरी, दोन-अडीच ग्रॅम साखर, फॅट नाही, सोडियम नगण्य. पोटॅशियम वगैरे असतं पण चमचाभरात असून असून किती असणार! अॅसेटिक अॅसिडमुळे भात-ब्रेडनंतर रक्तातली साखर जरा सावकाश चढते असं दिसलंय, पण म्हणून ते डायबेटिसचं औषध होत नाही, आणि नुसतं पीत बसलात तर दातांची वाट लागेल.

स्वयंपाकात साधं बाल्सामिक ऑलिव्ह ऑइलसोबत ड्रेसिंगला, भाजलेल्या कांद्या-भाज्यांवर, किंवा मंद आचेवर आटवून सॉस म्हणून वापरतात. जुनं, दाट बाल्सामिक कधीच शिजवू नये, वास उडून जातो, ते पार्मिजानो चीजच्या तुकड्यावर, व्हॅनिला आइस्क्रीमवर नाहीतर स्ट्रॉबेरीवर थेंब-थेंब टाकायचं. महाबळेश्वरच्या सीझनमध्ये करून बघायला हरकत नाही, आंबटसर स्ट्रॉबेरी असेल तर जास्तच मजा येते.

बाटली फ्रीजमध्ये ठेवायची गरज नसते, बूच घट्ट लावून गॅसपासून लांब अंधाऱ्या फडताळात ठेवली की झालं, तळाला गाळ दिसला तरी ते खराब झालेलं नसतं.