फेब्रुवारीच का?

‘वर्षातला सगळ्यात आखूड महिना बरा आमच्या वाट्याला आला!’ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय घरांत दर फेब्रुवारीत हा विनोद होतोच. विनोद म्हणून झकास आहे, पण हा ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, कुणी त्यांच्या गळ्यात मारलेला नाही. तो ज्यांचा, त्यांनीच निवडला. आणि निवडला तेव्हा तो महिना नव्हताच, १९२६ सालचा एक आठवडा होता.

फेब्रुवारीत दोन वाढदिवस येतात. १२ तारखेला अब्राहम लिंकन यांचा आणि १४ तारखेला गुलामगिरीविरुद्ध लढणारे कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांचा. डग्लस मेरीलँडमध्ये गुलाम आईच्या पोटी जन्मले. गुलामांच्या पोरांच्या जन्मतारखा कोण टिपून ठेवणार? १४ फेब्रुवारी ही तारीख त्यांनी पुढे स्वतःच ठरवून टाकली. १८९५ साली ते गेले आणि १८९७ मध्ये मेरी चर्च टेरेल यांनी राजधानी वॉशिंग्टनमधल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत ‘डग्लस दिन’ सुरू करवला. टेरेल तिथल्या शिक्षण मंडळावर होत्या. म्हणजे हा सगळा प्रकार सरकारी घोषणेतून आलेला नाही, तो शाळेतून आला.

त्याला आठवड्याचं रूप दिलं कार्टर वुडसन यांनी. जन्म १८७५, व्हर्जिनिया. आईवडील गुलामीतून सुटलेले. तरुणपणी वुडसन वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणीत राबत होते. तिथे ऑलिव्हर जोन्स नावाचा एक खाणकामगार होता, यादवी युद्धात लढलेला. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण घरात पुस्तकं नि वर्तमानपत्रं जमवलेली. संध्याकाळी कामगार तिथे बसायचे आणि वुडसन त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. मोबदला म्हणून खाऊ फुकट! इतिहासाची गोडी आपल्याला त्या बैठकीत लागली, असं ते पुढे सांगत. विसाव्या वर्षी ते हायस्कूलात दाखल झाले आणि १९१२ साली हार्वर्डमधून इतिहासाचे डॉक्टर होऊन बाहेर पडले. त्या विद्यापीठात त्यांच्या आधी हा मान फक्त एका कृष्णवर्णीय माणसाला मिळाला होता, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना.

१९१५ मध्ये शिकागोत वुडसन यांनी ‘असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ निग्रो लाइफ अँड हिस्टरी’ ही संस्था काढली, पुढच्या वर्षी नियतकालिक. (‘निग्रो’ हा शब्द आज खटकतो, तेव्हा तो आदराने वापरला जाई.) पण विद्वानांचं नियतकालिक किती लोकांच्या हातात पडणार? शाळेतल्या मुलांसमोर जे क्रमिक पुस्तक होतं, त्यात आफ्रिका म्हणजे काळोख आणि गुलाम म्हणजे खाऊनपिऊन सुखी. म्हणून मग १९२६ च्या फेब्रुवारीत, त्याच दोन वाढदिवसांच्या आठवड्यात, ‘निग्रो हिस्टरी वीक’.

यातली खरी गोम पुष्कळांना ठाऊक नसते. हा आठवडा शिकवण्यासाठी नव्हता. वर्षभर शाळेत जे शिकून झालं, ते गावासमोर मांडण्यासाठी होता, आपल्याकडच्या स्नेहसंमेलनासारखा. मुलांनी नाटुकली करायची, चित्रं लावायची, पालकांनी यायचं. वॉशिंग्टनमध्ये नाइन्थ स्ट्रीटवर वुडसन यांचं घर होतं. तेच राहतं घर, तेच कार्यालय. तिथून शाळांना चित्रं, पुस्तकांच्या याद्या, नाटकांच्या संहिता जायच्या. पहिल्या वर्षी नॉर्थ कॅरोलायना, डेलावेअर, वेस्ट व्हर्जिनिया ही राज्यं आणि बाल्टिमोर, वॉशिंग्टन ही शहरं एवढ्यांचीच शिक्षणखाती पुढे आली.

बाकी ठिकाणी काम शिक्षकांच्या जिवावर चाललं. विशेषतः दक्षिणेत, जिथे शाळा कृष्णवर्णीय मुलांची पण अभ्यासक्रम ठरवणार गोरं शिक्षणखातं. १९३३ च्या सुमारास लुइझियानातल्या वेबस्टर पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे तिथला जिल्हा) टेसी मॅक्गी नावाच्या बाई इतिहास शिकवत. टेबलावर सरकारमान्य टिपण उघडं आणि मांडीवर वुडसन यांचं पुस्तक. बाई मांडीवरचं वाचून दाखवायच्या. मुख्याध्यापक दारात आले की नजर टेबलावर, ते गेले की पुन्हा मांडीवर. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण वर्गातल्या एका विद्यार्थ्याने ते आयुष्यभर लक्षात ठेवलं.

अशा शिक्षकांसाठी कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ मेरी मॅक्लिऑड बेथ्यून यांच्या आग्रहावरून १९३७ मध्ये वेगळी पत्रिकाही निघाली. वुडसन १९५० साली त्याच नाइन्थ स्ट्रीटवरच्या घरी वारले. आठवड्याचा महिना केला तो विद्यार्थ्यांनी: ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठातल्या मुलांनी १९६९ मध्ये मागणी केली आणि १९७० मध्ये तो साजराही केला. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची मान्यता १९७६ ची, काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, ठराव १९८६ चा.

मराठी माणसाला हा धागा तसा जुना. वुडसन जन्मायच्या दोन वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. आणि आता एप्रिलमध्ये जो दलित हिस्टरी मंथ पाळला जातो, त्याची प्रेरणा उघडच फेब्रुवारीची आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा संबंध तर आणखी थेट: आशियाई लोकांना तिथे जाण्याची दारं उघडणारा १९६५ चा कायदा नागरी हक्कांच्या त्याच लाटेत झाला.

आज या कुटुंबांतली मुलंही शाळेत ‘वॅक्स म्युझियम’ करतात. मूल पुतळ्यासारखं स्तब्ध उभं, समोर जमिनीवर चिकटवलेलं कागदाचं लाल बटण. बटणावर पाय दिला की पुतळा बोलू लागतो, ‘मी रोझा पार्क्स.’ गोड असतं ते. पण दरवर्षी तीच पाचसहा नावं, वर्गांच्या दारांची सजावट, आणि १ मार्चला सगळं उतरवून खोक्यात. एका शाळेत तर या महिन्याच्या पहिल्याच दिवशी जेवणात चिकन आणि कलिंगड वाढलं गेलं. कृष्णवर्णीयांची टवाळी करायला हेच पदार्थ वापरले जातात, हे जेवण पुरवणाऱ्यांच्या गावीही नव्हतं; माफी मागावी लागली. वुडसन यांचा हिशेब इथे उलटा झालाय. अकरा महिन्यांची पुंजी बाराव्यात दाखवायची होती, आता बाराव्यातच सगळं उरकतं.

फिलाडेल्फियाने २००५ मध्ये कृष्णवर्णीयांचा इतिहास हा विषय हायस्कूल पास होण्यासाठी सक्तीचा केला, तो या दुखण्यावरचा खरा उतारा म्हणायला हवा. फ्लोरिडात तर तो शिकवण्याचा कायदा १९९४ पासून आहे. त्याच फ्लोरिडाने २०२३ च्या जानेवारीत हायस्कूलसाठीच्या आफ्रिकन-अमेरिकन विषयावरच्या नव्या, कॉलेजच्या पातळीच्या (‘एपी’) अभ्यासक्रमाला नकार दिला. तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीय चर्चनी हा इतिहास आपल्याच आवारात शिकवायला घेतला.