उकाड्यात जागं राहणारं मन

मे महिन्यातली रात्र. सोलापुरात पत्र्याच्या घराच्या भिंतीला रात्री अकरा वाजताही हात लावला तर चटका बसतो. नववीतली भाची गच्चीवर चटई टाकून पडली होती, डोळे टक्क उघडे. म्हणाली, "मामा, मी मोठी झाल्यावर उजनीत पाणी राहील का ओ?"

"झोप गं, असं काही होत नसतं," मी म्हणालो. चुकलंच. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या पाण्याच्या पातळीखाली, गेलेलं तिनं ऐकलंय, नळाची वाट बघत घागरी मांडल्यात. तिची भीती मनातून उगवलेली नाही.

आणि ती एकटी नाही. २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांना हवामान बदलाबद्दल विचारलं गेलं. ५९ टक्के खूप किंवा अतिशय चिंतेत होते. ही चिंता म्हणजे आजार नव्हे. खऱ्या धोक्याला मेंदूनं दिलेला तो प्रतिसाद आहे.

मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोका ओळखतो, आणि अंगात अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसोल ही ताणाची संप्रेरकं वाढतात. शेतात साप दिसला तर हे उपयोगी पडतं: पळालो, संपलं. हवामानाचा धोका मात्र संपत नाही, म्हणून शरीर ताणलेलंच राहतं. त्यात आपल्याकडचा उकाडा. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान साधारण एक अंशानं उतरावं लागतं. गरम खोलीत ते उतरत नाही. अपुऱ्या झोपेनं अमिग्डाला आणखी चटकन भडकतो. उकाडा झोप घेतो, जागरण चिंता वाढवतं, आणि वाढलेली चिंता पुन्हा झोप उडवते.

मग करायचं काय? स्वीडनच्या मारिया ओयाला यांनी मुलांवर केलेलं संशोधन मला फार मोलाचं वाटतं. "त्यात काय एवढं" म्हणणाऱ्या मुलांचा काही करण्याकडे कल कमी दिसला. उलट, नुसते उपाय शोधत राहणाऱ्या मुलांमध्ये अस्वस्थता जास्त होती. ज्यांना धोका मान्य होता, पण आणखीही लोक यासाठी झटताहेत असा विश्वास होता, ती मुलं जास्त स्थिर होती.

दुसऱ्या दिवशी भाचीला खरं सांगितलं. पृथ्वी तापतेय. पण अमुक तारखेला सगळं संपलं, असं नसतं. तापमानवाढ अंशाच्या दहाव्या भागानं रोखली तरी फरक पडतो. मग शेजारच्या दोन घरांना घेऊन आम्ही पत्र्यांवर चुन्याचे दोन हात मारले. पांढरा रंग बरंचसं ऊन परत फेकतो. जगाची तापमानवाढ त्यानं थांबणार नाही, खोली मात्र कमी तापते.

झोप, भूक, शाळा यांवर चिंतेचा परिणाम दोन आठवडे टिकला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा. सल्ला मोफत असतो.

भाची आता रोज रात्री दहाला खोलीतला तापमापक बघून वहीत आकडा लिहिते. समोरच्या आजींनी तिलाच विचारलंय, "आमच्या पत्र्यावर कधी मारताय?"