पाच मापं जुळली, तरी त्रिकोण वेगळाच

एका त्रिकोणाच्या बाजू ८, १२ आणि १८ सेंटिमीटर. दुसऱ्याच्या १२, १८ आणि २७. दुसऱ्याची प्रत्येक बाजू पहिल्याच्या दीडपट आहे, म्हणून तिन्ही कोन तेच. शिवाय १२ आणि १८ या बाजू दोघांकडेही आहेत. त्रिकोणाची मापं सहा, त्यांतली पाच जुळली. तरी हे त्रिकोण एकरूप नाहीत, म्हणजे एकावर एक तंतोतंत बसत नाहीत.

उलट शाळेत घोकलेल्या बाबाबा, बाकोबा, कोबाको (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन) या एकरूपतेच्या कसोट्यांचं तीन मापांत भागतं. म्हणजे मापं किती, यापेक्षा कुठलं माप कुणाशेजारी आणि कुणासमोर आहे, याला महत्त्व. वरच्या जोडीत १२ ची बाजू एकीकडे मधल्या कोनासमोर आहे, दुसरीकडे सर्वांत लहान कोनासमोर. तिथेच घोळ आहे.

कसोट्यांच्या यादीत ‘बाबाको’ का नाही, हे कंपासपेटी काढून बघण्यासारखं आहे. रेख कख ८ सेंटिमीटर घ्या. क पाशी ३० अंशांचा कोन करून लांबलचक किरण काढा. आता ख केंद्र धरून ५ सेंटिमीटर त्रिज्येचा कंस मारा. तो किरणाला दोनदा छेदतो: क पासून साधारण ३.९ आणि ९.९ सेंटिमीटरवर. दोन बाजू त्याच, कोन तोच, पण त्रिकोण दोन. छेदनबिंदूपाशी एका त्रिकोणात सुमारे १२७ अंशांचा कोन येतो, दुसऱ्यात ५३ चा.

त्रिज्या ४ केली तर कंस किरणाला जेमतेम टेकतो आणि एकच, काटकोन त्रिकोण मिळतो. ३ केली तर पोहोचतच नाही. ८ किंवा त्याहून जास्त घेतली की पुन्हा एकच. दिलेल्या कोनासमोरची बाजू दुसरीपेक्षा लहान असेल तरच ही भानगड. काटकोनासमोर कर्ण असतो आणि तो सर्वांत मोठा, म्हणून कर्णभुजा कसोटी (काटकोन त्रिकोणांचा कर्ण आणि एक बाजू जुळली की ते एकरूप) निर्धास्त वापरता येते.

कोबाकोवर तर अख्खा हिंदुस्थान मोजला गेला. ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची पायारेषा आखली. शंभर फुटी पोलादी साखळी उन्हानं लांबू नये म्हणून ती लाकडी पेट्यांत, तंबूच्या सावलीत ठेवत त्यांनी हे अंतर मोजलं. त्यालाच जवळजवळ दोन महिने गेले. पुढचं काम बहुतेक कोनांचं. पायारेषेच्या दोन्ही टोकांवरून लांबची एखादी टेकडी थिओडोलाइट या कोन मोजायच्या दुर्बिणीनं न्याहाळायची, दोन कोन मिळाले की उरलेल्या बाजू गणितानं काढायच्या. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. असं करत करत त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकली. लॅम्ब्टन १८२३ मध्ये वाटेतच, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे.

कागदावर दोन कोन पुरतात, रानात मात्र तिसराही मोजत. एक तर चूक पकडायला. आणि टेकडी फार दूर, पाया तोकडा असेल तर तिसरा कोन अगदी निमुळता होतो. मग मोजणीतली बारीकशी चूकही टेकडीला भलतीकडे नेऊन ठेवते. नियमानं त्रिकोण एकमेव असला, तरी असा त्रिकोण सर्वेक्षक शक्यतो घेतच नाही.

त्या तीन कोनांची बेरीज १८० भरत नसे, त्याचं कारण फक्त हातची चूक नव्हतं. पृथ्वीची पाठ गोल आहे आणि गोलावरच्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० पेक्षा जास्त असते. पृथ्वीवर साधारण दर २०० चौरस किलोमीटरला १ सेकंद, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, एवढी ती वाढते. बेरजेतल्या वाढीवरून क्षेत्रफळ निघतं. त्यामुळे एकाच गोलावर तीन कोन जुळले की त्रिकोणाचं आकारमानही ठरून जातं. सपाट कागदावर फक्त समरूपता, म्हणजे आकार सारखा असल्याचं, सांगणारी कोकोको तिथे एकरूपतेची कसोटी ठरते.